तोंड उघडेना : पानमळ्यांपासून औषधचाचण्यांपर्यंत

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पानमळे लावणाऱ्या बारी समाजाची सविस्तर नोंद आहे. १९११ च्या सुमारास मध्यप्रांत आणि वऱ्हाड मिळून हा समाज साठ हजारांच्या जवळपास होता आणि त्याच्या मुख्य वस्तीच्या जिल्ह्यांत अमरावती, नागपूर, वर्धा यांच्या बरोबरीने बुलढाण्याचं नाव येतं. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात नागवेल आपोआप जगत नाही. तिला सावली लागते, कायमची ओल लागते, चढायला शेवरी-पांगाऱ्याचा आधार लागतो आणि वर्षभर हात राबते लागतात. म्हणून पानमळा ही कसबाची शेती होती आणि तिला नागपंचमीच्या पूजेसारखे स्वतःचे कुळाचार होते. सुपारी मात्र इथली नव्हे. ती किनाऱ्यालगतच्या दमट हवेतली. १८६० च्या दशकात मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून पुढे सरकला आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावला त्याचा फाटा निघाला. त्या गाड्यांनी खामगावचा कापूस बंदराकडे नेला आणि बंदराकडचा माल घाटावरच्या बाजारात आणणंही सोपं केलं. पान इथलं, सुपारी बाहेरची, आणि दोन्हींना मान सारखाच. लग्न ठरलं की सुपारी फुटते, पूजेत गणपतीच्या जागी सुपारी मांडली जाते, पाहुण्याला निरोप विड्याने दिला जातो. ज्या वस्तूला समाजाने इतका मान दिला तिच्यावर तोंड मिटवणाऱ्या रोगाचा ठपका ठेवायला वैद्यकाला वेळ का लागला, हे समजण्यासाठी ही पार्श्वभूमी लागते. आणि त्या रोगावरचे उपचार खरोखर गुण देतात की नाही, हे ठरवायला त्याहूनही जास्त वेळ का लागतो आहे, हा या लेखाचा विषय आहे.

रोगाचं रूप असं. आधी तिखट सोसत नाही, तोंडाची आग होते. मग गालांच्या आतला मऊ पडदा पांढुरका आणि राठ होतो, त्याखाली तंतूंचे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं उभी आत जाणारं तोंड दोन बोटांवर येतं, मग एकावर. भाकरीचा घास मोडून भरावा लागतो, दात किडला तर तो काढायलाही जागा राहत नाही. आधुनिक वैद्यकात याची पहिली नोंद १९५२ ची आहे. श्वार्ट्झ या दंतवैद्याने ती केली, आणि तीही भारतात नव्हे तर केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांवरून. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांचं वर्णन करून या विकाराला आजच्या ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ या नावाच्या जवळचं नाव दिलं. त्याआधी तो नव्हता असं नाही, पण त्याला वेगळं ओळखलेलं नव्हतं. सुश्रुताने सांगितलेली ‘विदारी’ म्हणजे हाच रोग, असं अनेक शोधनिबंधांच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पासष्ट मुखरोग सांगितले आहेत, आणि त्यातली विदारी ही घशातली, आग होणारी, तांबडी, सडून मांस गळणारी सूज आहे. माणूस ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूला ती विशेष होते, असंही तिथे म्हटलं आहे. फिकट, कोरड्या आणि हळूहळू आकसत जाणाऱ्या गालांशी या वर्णनाचा मेळ बसत नाही. प्राचीनांचा मान राखायचा तर त्यांनी काय पाहिलं ते नीट वाचावं. आपल्याला हवं ते त्यांच्या तोंडी घालू नये.

कारणाबद्दलची पहिली गंभीर शंका सुपारीवर नव्हे, मिरचीवर गेली. टाटा स्मारक रुग्णालयाच्या परंपरेतले डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. सत्यवती सिरसाट यांनी १९६० मध्ये उंदरांच्या टाळूला मिरचीतला कॅप्सेसिन हा तिखट घटक लावून प्रयोग केले आणि तशा तंतुमय बदलांची नोंद केली. कल्पना चुकीच्या दिशेची असली तरी निराधार नव्हती, कारण रुग्णाला पहिला त्रास तिखटाचाच होतो. पण ज्या वस्तूने दुखतं ती वस्तू रोगाचं कारण असेलच असं नाही. वऱ्हाडात ठेचा घरोघरी होतो, मेक्सिकोतही मिरची कमी खाल्ली जात नाही, तरी त्या देशात हा रोग आढळत नाही. उंदराच्या टाळूवरून जे ठरत नव्हतं ते गावोगाव हिंडून ठरलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली आणि डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने भारतातल्या पाच जिल्ह्यांत पन्नास हजारांवर आणि पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासली. पुण्याच्या पाहणीचा अहवाल १९७२ मध्ये आला. घरी जाऊन तोंड तपासायचं, सवयी विचारायच्या, लिहून ठेवायच्या आणि वर्षांनी पुन्हा त्याच दारात जायचं, अशी ही पद्धत होती. १९९० मध्ये भावनगरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साठ रुग्ण आणि त्यांच्या तुलनेला साठ निरोगी माणसं घेऊन केलेल्या त्या अभ्यासात सुपारी खाणाऱ्यांना या रोगाचा धोका सुमारे शंभर पटींनी जास्त आढळला. वैद्यकात इतका मोठा फरक क्वचित दिसतो. केरळच्या एर्नाकुलममध्ये ६६ रुग्णांचा सतरा वर्षं पाठपुरावा झाला आणि त्यातल्या ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. २००४ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. तेव्हा कारणाचा निकाल लागला, तो गावांत आणि वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्याने लागला.

उपचारांचा इतिहास नेमका याच्या उलट घडला. कारण गावात सापडलं, पण उपचारांची परीक्षा शहरातल्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात झाली आणि तीही थोड्या आठवड्यांची. पट्टे विरघळावेत म्हणून गालात हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं, दाह उतरावा म्हणून स्टिरॉइडची, पेशी सुधाराव्यात म्हणून वारेच्या अर्काची. सुई टोचली, पंधरा दिवसांनी पट्टी धरून मोजलं, चार मिलिमीटर वाढलं, उपचार लागू पडला. तुलनेला बिनउपचाराचा किंवा साध्या उपचाराचा गट नाही, मोजणाऱ्याला कोणाला काय दिलंय हे ठाऊक आहे, आणि रुग्णाला त्याच काळात सुपारी सोडायला सांगितलेलं आहे. मग वाढलेले चार मिलिमीटर सुईचे, सुपारी सोडल्याचे की रोज आरशासमोर तोंड उघडून पाहण्याचे? विदर्भाला या प्रश्नाचा विशेष अभिमान वाटावा, कारण तो इथेच धीटपणे विचारला गेला. डॉ. आर. एम. बोरले आणि डॉ. एस. आर. बोरले यांनी ३२६ रुग्णांवरून १९९१ मध्ये लिहिलं की गालात पुन्हापुन्हा सुया टोचल्याने त्या पडद्याला नवी इजा होते, आणि पोटात घ्यायच्या व वरून लावायच्या सौम्य उपचारांनी त्रास कमी होतो, तोही धोका न पत्करता. सगळीकडे सुया चालू असताना सुईवरच बोट ठेवणं सोपं नव्हतं. १९९५ मध्ये मुंबईच्या डॉ. खन्ना आणि डॉ. अँड्रेड यांनी शंभर रुग्णांवरून तोंड किती उघडतं त्यानुसार टप्पे पाडले आणि पुढच्या टप्प्यांतल्या रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा मार्ग मांडला. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून डॉ. हजारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका स्त्रीमागे जवळपास पाच पुरुष होते. श्वार्ट्झचे पाचही रुग्ण स्त्रिया होत्या. अर्ध्या शतकात रोग्याचा चेहरा असा बदलला, कारण मधल्या काळात माल बदलला होता. पान लावून, कात-चुना सांभाळून खायच्या विड्याच्या जागी पानठेल्यावर लोंबणाऱ्या गुटख्याच्या पुड्यांची माळ आली, सुपारी-तंबाखूचा खर्रा आला, आणि तो तरुण मुलांच्या खिशात गेला. पानमळ्याचं पानच त्यातून गळालं आणि सुपारी उरली.

या सगळ्या उपचारांचा एकत्रित ताळेबंद चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या जागतिक गटाने २००८ मध्ये मांडला, तेव्हा निकषांना उतरणाऱ्या चाचण्या निघाल्या फक्त दोन, आणि त्यांत मिळून माणसं ८७. एकीत टोमॅटोतलं लायकोपीन, दुसरीत पेंटॉक्सिफायलिन हे औषध. यावरून कोणत्याही उपचाराची शिफारस करता येणार नाही, असा निष्कर्ष निघाला. २०२४ मध्ये तोच आढावा नव्याने घेतला तेव्हा चाचण्या तीस झाल्या होत्या आणि रुग्ण दोन हजारांवर गेले होते, पण त्या तीसपैकी पक्षपाताचा धोका कमी असलेली चाचणी एकच सापडली, चोवीस चाचण्यांत तो धोका मोठा होता. सोळा वर्षांत चाचण्या पंधरापट वाढल्या आणि खात्री जवळजवळ तिथेच राहिली. या आकड्यांकडे पाहून मला वाईट वाटतं ते यासाठी की हे दोन हजार लोक आपली तोंडं घेऊन आले, मोजून घेऊन गेले, आणि त्यांच्या सहनशीलतेतून जे ज्ञान निघायला हवं होतं ते निघालं नाही. याच काळात नेपाळमध्ये कॉक्स आणि झोल्नर यांनी ५४ रुग्णांवर एक साधी गोष्ट तपासली. जीभ दाबायला डॉक्टर वापरतात त्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, ठरावीक दिवसांनी एक वाढवायची. चार महिन्यांत व्यायाम करणाऱ्यांचं तोंड उघडलं, इंजेक्शनच्या गटात तसा ठळक फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, म्हणून त्यावरच सगळा भार टाकता येत नाही. पण तुलना ठेवली की साधा उपचार पुढे येतो, हा अनुभव एकट्या या रोगाचा नाही.

जबड्याच्या सांध्याकडे पाहिलं की ते जास्त स्पष्ट होतं. तोंड न उघडण्याचं कारण गालात असतं तसं कानापुढच्या सांध्यातही असू शकतं, आणि वैद्याला आधी हा भेद करावा लागतो. वाग्भटाने हनुस्रंसाचं वर्णन करताना जीभ अति खरवडणं, कोरडं-कडक चावणं आणि मार लागणं ही कारणं दिली आहेत आणि जबडा उघडा किंवा मिटलेला अडकतो असं म्हटलं आहे. सुश्रुताने निखळलेला जबडा शेकून, जागी बसवून, बांधायची रीत सांगितली आहे. ही निरीक्षणं आजही ताजी वाटतात. पण विसाव्या शतकात गोष्ट बिघडली. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांवरून मांडलं की दात बरोबर बसत नाहीत म्हणून सांधा दुखतो. मग दशकानुदशकं लोकांचे दात घासून ‘बसवले’ गेले. १९७६ मध्ये गुडमन, ग्रीन आणि लास्किन यांनी २५ रुग्णांचे दात घासल्याचं नुसतं सोंग केलं, चाव्यात काहीही बदल केला नाही, आणि १६ जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलं. पुढे सांध्यातली चकती काढून तिथे टेफ्लॉनचा कृत्रिम तुकडा बसवायची लाट आली. १९८३ मध्ये त्याला अमेरिकेत बाजारात येण्याची मुभा मिळाली. तो तुकडा चावण्याच्या भाराखाली झिजला, त्याच्या कणांनी हाड खाल्लं आणि १९९०-९१ मध्ये तो मागे घ्यावा लागला. हजारो लोकांचे जबडे तोवर कायमचे बिघडले होते. तुलनात्मक चाचणी बसवण्याआधी व्हायची ती कधी झालीच नाही. २००७ मध्ये शिफमन यांच्या गटाने अडकलेल्या सांध्याच्या १०६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून चार गटांत वाटलं : सल्ला आणि गोळ्या, व्यायामासह पुनर्वसन, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि उघडी शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी चारही गटांत फरक नव्हता. पाच वर्षं वाट पाहिली नसती तर हे कळलं नसतं.

यावर काही आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की तोंड मिटत चाललेल्या शेतमजुराला खोटी गोळी देणं म्हणजे त्याच्या दुःखाशी खेळ. पण तुलनेला नेहमी खोटं औषध लागतंच असं नाही. एका गटाला व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम आणि औषध, अशी वाटणी झाली तर कोणीच उपेक्षित राहत नाही, आणि औषधाने नेमकी किती भर घातली ते कळतं. ज्याचा गुण सिद्ध नाही ते औषध विकत घ्यायला लावणं हाच गरीब रुग्णावर मोठा अन्याय आहे. दुसरा आक्षेप वैद्यांच्या आणि जुन्या डॉक्टरांच्या अनुभवाचा. लहानपणी पडून हनुवटीला मार लागला आणि सांध्याचं हाड एकमेकांत जडलं, अशा मुलाचा जबडा शस्त्रक्रियेने सोडवावाच लागतो, तिथे चिठ्ठ्या टाकायची गरज नाही, डोळ्यांना दिसतं. हे मला मान्य आहे. मात्र सोडवलेल्या जागेत काय ठेवलं तर ते हाड पुन्हा जडत नाही, हे डोळ्यांना त्या दिवशी दिसत नाही, ते काही वर्षांनी दिसतं. अनुभव तात्काळ दिसणाऱ्या गोष्टीत खरा ठरतो, हळू चालणाऱ्या रोगात तो फसवतो, कारण ज्याला गुण आला नाही तो रुग्ण परत येतच नाही. आयुर्वेदाची मंडळी म्हणतात की त्यांचा उपचार प्रकृतीनुसार बदलतो, तो साच्यात बसत नाही. तरी उपचारपद्धत म्हणून त्याची दुसऱ्या पद्धतीशी तुलना करता येते, वैद्याने प्रत्येकाला वेगळं दिलं तरीही. हळदीवरच्या चाचण्या तर झाल्याच आहेत, आणि त्यांचं दुखणं बाकीच्यांसारखंच आहे, म्हणजे माणसं थोडी आणि काळ थोडा.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो बुलढाण्यालाच धरून आहे. तो असा की अशा चाचण्या या जिल्ह्यात होणारच नाहीत. बुलढाण्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, छत्रपती संभाजीनगर दीडशे. मृग लागला की पेरणी, पुढे निंदण-खुरपण, मग सोयाबीनची काढणी, दिवाळीच्या मागेपुढे कापसाची वेचणी. पंधरवड्याला एक दिवसाची मजुरी बुडवून आणि गाडीभाडं मोडून कोण तोंड मोजून घ्यायला जाईल? शहरातल्या चाचण्यांत मध्येच गळालेले रुग्ण म्हणून जे दाखवले जातात ते बहुधा हेच लोक. ते गळाले की उरतात ते जवळ राहणारे, सवड असलेले आणि गुण आलेले, आणि आकडा आपोआप गोजिरा होतो. पण यावरून निघतं ते एवढंच की चाचणीने गावात जायला हवं. हे अशक्य म्हणणाऱ्याने मद्रासकडे पाहावं. तिथे १९५६ पासून क्षयरोग्यांना चिठ्ठ्या टाकून काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना झोपडीतल्या घरीच औषध दिलं, आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात दोन्ही गटांचा गुण जवळपास सारखा निघाला. जगभरच्या सॅनेटोरियमचं महत्त्व त्या निकालाने ओसरलं. रुग्णाच्या दारात जाऊन केलेली ती काटेकोर चाचणी होती. फली मेहतांच्या पथकाने पुण्याच्या गावांत एक लाख तोंडं पाहिली, तीही दुर्मीळ यंत्रांवाचून. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच परंपरेतल्या डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या गटाने केरळ, गुजरात आणि आंध्रातल्या छत्तीस हजारांवर तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना घरोघरी समजावलं, आणि सवय सुटण्याचं प्रमाण वाढून तोंडातले पांढरे चट्टे घटल्याचं दाखवलं. समजावणं हाही उपचार आहे आणि तोही मोजता येतो.

कायद्यालाही हीच कसोटी लावायला हवी. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशाने आणि जुलैमध्ये महाराष्ट्राने अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी घातली, पुढच्या आदेशांत सुगंधित सुपारी, सुगंधित तंबाखू, खर्रा, मावा हेही आले. साधी सुपारी अर्थातच मोकळी राहिली. बंदीमुळे तरुणांची किती तोंडं वाचली? हे सांगायला बंदीच्या आधीची आणि नंतरची, त्याच गावांची, त्याच रीतीने केलेली मोजणी लागते. नागपुरात कर्करोगाची नोंदवही १९८० पासून आहे, बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदवही १९८७ पासून. कर्करोगाच्या आधी जो रोग तोंड मिटवतो त्याची अशी गावनिहाय वही असायला हवी.

आता दोन गोष्टी अनुकूल आहेत. जुलै २००७ मध्ये औषधचाचण्यांची भारतीय नोंदवही सुरू झाली आणि जून २००९ पासून चाचणी सुरू करण्याआधी तिथे नोंद करणं सक्तीचं झालं, त्यामुळे फसलेली चाचणी गुपचूप कपाटात ठेवणं पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही. आणि २०२४ मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. लाकडी पट्ट्यांच्या व्यायामातून कोणत्याही कंपनीला नफा नाही, म्हणून त्याची मोठी चाचणी कोणी कंपनी करणार नाही, ती सार्वजनिक पैशानेच होऊ शकते. त्यासाठी जळगाव जामोद, संग्रामपूर, मोताळा, लोणार अशा तालुक्यांतली गावं निवडावी लागतील. आशा सेविकेला पट्टी धरून दोन दातांमधलं अंतर मोजायला शिकवावं लागेल, आणि कोणाला कोणता उपचार चालू आहे हे तिला कळू द्यायचं नाही. सुपारी सुटली की नाही ते दर वेळी लिहावं लागेल. पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत भेट रात्रीची ठेवावी लागेल. आणि पंधरा दिवसांचा निकाल छापून मोकळं न होता पाच वर्षांनी, शिफमनसारखं, त्याच माणसाच्या दारात पट्टी घेऊन पुन्हा उभं राहावं लागेल.